मेलेला पार्ट आधी टेबलावर ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. तुमचं नाशिकच्या अंबडला कास्टिंग मशिनिंगचं युनिट आहे. ग्राइंडिंगच्या कूलंटचा गाळ ओढणारा स्क्रू पंप आहे, त्याचा नायट्राइलचा (तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचा) स्टेटर, म्हणजे ज्यात लोखंडी रोटर फिरतो ती रबराची बाही, चार महिने चालायचा. पुरवठादाराने ‘झिजेला सगळ्यात भारी’ म्हणून नैसर्गिक रबराचा दिला, तो अठरा दिवसांत जाम झाला. दुसरं दुखणं शॉट ब्लास्टिंगच्या, म्हणजे पोलादी दाण्यांच्या (शॉटच्या) माऱ्याने कास्टिंग साफ करण्याच्या, केबिनमधल्या रबराचं. आधी ६५ शोअरचं (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) होतं, जास्त टिकावं म्हणून ८५ चं लावलं, तर टवके उडून ते आधीच्यापेक्षा लवकर गेलं. आणि तुम्ही विचारताय, ‘सगळ्यात कमी झिजणारं रबर कोणतं, एकच नाव सांगा.’

एकच नाव नाही. सातपूरला मोल्डिंगच्या धंद्यात अठ्ठावीस वर्षं झाली, दर आठवड्याला कुणीतरी हाच प्रश्न विचारतं आणि दर वेळी मी उलट विचारतो, ‘जुना पार्ट कुठाय?’ निम्म्या वेळा उत्तर येतं की भंगारात टाकला. म्हणजे पंचनामा होण्याआधीच अंत्यविधी उरकला. ड्रॉइंग नसलं तरी चालेल, कॅटलॉग तर नकोच, पण मेलेला पार्ट टेबलावर हवा. झीज हा एक आजार नाही, चार-पाच वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं. तुमचेच दोन पार्ट त्याचा पुरावा आहेत.

पार्ट बघायचा म्हणजे काय बघायचं? आधी फडक्याने पुसा, साबणाच्या पाण्याने धुवा, पेट्रोलने नको. मग खिडकीशी धरून तिरप्या उजेडात पाहा. पृष्ठभागावर बारीक, एकमेकींना समांतर वरंब्यांसारख्या रेघा दिसतात का? घासण्याच्या दिशेला आडव्या असतात त्या. १९५०च्या दशकात अ‍ॅडॉल्फ शालामाख यांनी या नक्षीचा अभ्यास केला, म्हणून तिला त्यांचंच नाव आहे. नक्षी बारीक असेल तर झीज हळू, निमूट चाललेली आहे. वरंबे जाड आणि लांब-लांब असतील तर रबर ओरबाडलं जातंय. रेघा अजिबात नाहीत, त्याऐवजी नखाने काढल्यासारखे खड्डे आणि कापल्याच्या खुणा आहेत, तर ती घासण्याची झीज नाहीच. कुणीतरी धारदार येऊन टोचतंय. पृष्ठभाग चिकट, बोटाला काळं लागतंय, तर तेलाने किंवा उष्णतेने रबर सडलंय. आणि हातात धरल्यावर पार्ट मुळापेक्षा मोठा वाटला, तर तो झिजून मेला नाही, फुगून मेला. कॅलिपर लावा, ड्रॉइंगशी ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

तुमचा स्टेटर मी पाहिलेला नाही, पण ‘जाम झाला’ हा शब्दच सगळं सांगतो. झिजलेला स्टेटर जाम होत नाही, तो ढिला पडतो, पंपाचा दाब उतरतो. जाम झाला म्हणजे आतलं रबर फुगलं आणि रोटरला आवळून बसलं. कूलंट दिसायला दुधाळ पाणी असलं तरी त्यात तेल आहे, शिवाय मशीनचं गळालेलं हायड्रॉलिक ऑइल आणि स्लाइडवेचं ऑइल टाकीत वर तवंग धरून असतं. नैसर्गिक रबराला तेल चालत नाही. पुरवठादार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. वाळू, राख, पाणी असलेल्या गाळात नैसर्गिक रबर खरोखर पैलवान आहे. त्याला तेलाच्या आखाड्यात उतरवलं, ही चूक.

तर स्टेटरला नायट्राइलच. पण नायट्राइलमध्येही प्रकार आहेत. त्यातलं अ‍ॅक्रिलोनायट्राइलचं प्रमाण साधारण १८ ते ५० टक्क्यांपर्यंत मिळतं. वाढवलं की तेल कमी शोषतं, पण रबर ताठरतं, उसळी कमी होते. तुमच्या कामाला ३३च्या आसपासचं बरोबर. चार महिन्यांचे सहा-सात व्हावेत असं वाटत असेल तर कार्बोक्सिलेटेड नायट्राइलची चौकशी करा. झिजेला ते साध्या नायट्राइलपेक्षा स्पष्टपणे सरस आहे. मात्र मिलवर आणि मोल्डमध्ये ते लवकर पकडतं, म्हणजे वेळेआधीच पक्कं होतं, त्यामुळे नवख्या मोल्डरकडून करून घेऊ नका. हायड्रोजनेटेड नायट्राइल त्याहून चांगलं, १५० अंशांपर्यंत टिकतं, पण तुमचं कूलंट चाळीस अंशांचं. त्यासाठी एवढा पैसा घालणं म्हणजे शेळीला हत्तीची झूल.

आणि रबराला नावं ठेवण्याआधी रोटर तपासलात का? ही गोष्ट नव्वद टक्के लोक विसरतात. रोटरवरचं हार्ड क्रोम एकदा उडालं, खडबडीत झालं की तो रोटर राहत नाही, कानस होतो. त्यावर कितीही भारी स्टेटर चढवा, पहिल्या आठवड्यातच त्याचा भुगा. नख फिरवा, अडकलं तर रोटर बदला किंवा पुन्हा क्रोम करून घ्या. दुसरं, पंपाचा वेग. गाळाच्या पंपात झीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्यापेक्षा फार झपाट्याने वाढते. छोटा पंप जोरात पळवण्यापेक्षा एक साइझ मोठा घेऊन निम्म्या आरपीएमवर चालवला तर स्टेटरचं आयुष्य कुठल्याही महागड्या कंपाउंडपेक्षा (रबराच्या तयार मिश्रणापेक्षा) जास्त वाढतं. आणि टाकी रिकामी झाल्यावर पंप कोरडा फिरतो का, ते रात्रपाळीला विचारा. दिवसपाळीला विचारून उपयोग नाही. कोरडा फिरला की आतलं रबर काही मिनिटांत करपतं. कापून वास घ्या, जळका वास आणि आतून काचेसारखी चकाकी दिसेल.

आता शॉट ब्लास्टिंग. इथे तुम्ही जी चूक केलीत ती मीही केली आहे, सगळेच करतात. कडक म्हणजे टिकाऊ, हे आपल्या डोक्यात लोखंडावरून बसलेलं आहे. रबराचं गणित उलटं. लोखंड झीज अडवतं ते मारणाऱ्यापेक्षा कडक राहून. रबर अडवतं ते माघार घेऊन. पोलादाचा दाणा येऊन आदळतो, रबर दबतं, त्याची ताकद स्वतःत घेतं आणि दाण्याला परत भिरकावतं. गादीवर गोटी टाकून बघा आणि फरशीवर टाकून बघा. ८५ शोअर करण्यासाठी कंपाउंडमध्ये काजळी आणि भरणा ठासावा लागतो, उसळी मरते, मग दाण्याची सगळी ताकद जागेवरच खर्च होते आणि टवका उडतो. केबिनच्या भिंतीला आणि पडद्यांना नैसर्गिक रबर, ४५ ते ५० शोअर, चांगल्या उसळीचं. एवढंच लावा.

पण त्याने संपत नाही. शॉट फेकणाऱ्या ब्लास्ट व्हीलच्या थेट माऱ्याच्या पट्ट्यात कोणतंही रबर टिकणार नाही. तिथे मँगनीज स्टीलची किंवा हाय-क्रोमची प्लेटच हवी. तुमचं रबर सगळीकडे सारखं गेलं की एका ठिकाणी खड्डा पडला? एकाच जागी खड्डा असेल तर व्हीलचा कंट्रोल केज (शॉटला दिशा देणारा भाग) उघडून बघा. केजची खिडकी झिजली की माऱ्याचा पट्टा सरकतो आणि जॉबवर पडायचा शॉट भिंतीवर पडायला लागतो. असं झालं असेल तर रबर बदलून काही उपयोग नाही. तसंच शॉटमधून वाळू वेगळी करणारा सेपरेटर नीट चालत नसेल आणि कास्टिंगची वाळू शॉटमध्ये मिसळत असेल, तर ब्लेडं भराभर जातातच, रबरही जातं. शॉट गोल असतो, वाळू कोनाची असते. मूठभर शॉट पाण्यात खळबळून बघा, पाणी गढूळ झालं तर उत्तर मिळालं. आणि नॉकआउटवरून (साचा फोडून कास्टिंग काढतात तिथून) गरम कास्टिंग थेट आत जात असतील तर नैसर्गिक रबराची सत्तर अंशांच्या पुढे परीक्षा पाहू नका.

मारा कोणत्या कोनातून येतो, हा प्रश्न कॅटलॉगमध्ये कुठेच नसतो आणि सगळा खेळ तिथेच असतो. समोरासमोर, काटकोनात येणाऱ्या दाण्याला मऊ रबर छान झेलतं. तोच दाणा पंधरा-तीस अंशांनी तिरपा आला की रबराला दबायला वाव मिळत नाही, पृष्ठभाग ताणला जातो आणि फाटतो. म्हणून सारूळकडच्या खडी क्रशरवर आम्ही च्युटला सपाट शीट लावत नाही. आडव्या पट्ट्यांचं लायनिंग लावतो, म्हणजे घसरत येणारी खडी पट्टीच्या अंगावर जवळपास काटकोनात आदळते. आपला काळा बसाल्ट फुटतो तो सुरीसारख्या धारेने. तिथे ६० शोअरचं, न फाटणारं नैसर्गिक रबर, कमीत कमी २५ मिलिमीटर जाड. पातळ लावलं तर मागच्या लोखंडाचा ऐरण होतो आणि रबर दोन्हींमध्ये चेचलं जातं. याउलट एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या राखेसारखं बारीक, पाण्यात वाहणारं काही असेल तर ४० शोअरचं जवळजवळ शुद्ध गम रबर सहा मिलिमीटरही पुरतं. मोठे, टोकदार तुकडे आणि जोराचा वेग एकत्र आले की रबराचा नाद सोडा, लोखंडाकडे जा.

आता रिपोर्टबद्दल. पुरवठादार तुम्हाला ‘डिन अ‍ॅब्रेशन’चा आकडा दाखवेल. ही आयएसओ ४६४९ची चाचणी. रबराची १६ मिलिमीटर व्यासाची नळकांडी गोटी, दहा न्यूटनच्या दाबाने, ६० नंबरच्या एमरीच्या ड्रमवर ४० मीटर घासायची आणि किती घनमिलिमीटर गेलं ते मोजायचं. आकडा लहान तेवढं चांगलं. कन्व्हेयर बेल्टच्या कव्हरला जर्मन मानकात वाय ग्रेडला १५०, एक्सला १२० आणि डब्ल्यूला ९० ही वरची मर्यादा आहे, त्यावरून अंदाज बांधता येतो. पण नीट बघा, ही चाचणी कोरडी, खोलीच्या तापमानाला, एकाच दिशेने आणि ताज्या एमरीवरची आहे. तेल नाही, पाणी नाही, आदळणं नाही. राखेच्या पंपात वर्षानुवर्षं चालणारं ४० शोअरचं गम रबर या चाचणीत वाईट आकडा देतं. मऊ आहे, एमरी त्याला ओरबाडते. ज्याचा आकडा दुप्पट वाईट, तोच जागेवर दुप्पट टिकतो, हे मी डोळ्याने पाहिलंय. त्यामुळे हा आकडा एकाच कंपाउंडच्या दोन बॅचेस ताडायला वापरा. दोन जातींच्या रबरांमधून निवड करायला तो पुरत नाही. आकडा मिलिग्रॅममध्ये दिला असेल तर परत पाठवा. घनता धरल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

कंपाउंडमध्ये काय असतं, हे थोडं समजून घेतलंत तर फसणार नाही. टायर काळा असतो तो रंगासाठी नव्हे. कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळी, हीच झिजेविरुद्धची खरी ताकद आहे. आमच्याकडे गोण्यांवर एन२२०, एन३३०, एन५५०, एन७७४ असे नंबर असतात. नंबर जितका लहान तितकी कणी बारीक आणि झिजेला रबर तितकं चांगलं. झिजेच्या पार्टला २२० किंवा ३३० घालतात, शंभर भाग रबराला पंचेचाळीस-पन्नास. त्यात वीस-तीस भाग पॉलिब्युटाडाइन मिसळलं की आणखी फरक पडतो. ७७४ स्वस्त, मिसळायला सोपा, डाय भरायलाही सोपा, पण झिजेला कमी. काही लोक शोअर जुळवतात ७७४ने, वर चॉक पावडर आणि रिक्लेम (जुन्या रबरापासून केलेला माल) ठोकतात. शोअरमीटरला काय, तो ७० म्हणजे ७०च दाखवणार. (वाइनरीवाले द्राक्षांच्या पंपाला पांढरं रबर मागतात तेव्हा कार्बन ब्लॅक घालताच येत नाही, सिलिका घालावी लागते. मग टिकत का नाही म्हणून भांडायला येतात. पांढरेपणाची तेवढी किंमत आहे, बाबांनो.)

ही भेसळ पकडायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक पेला पुरतो. पार्टचा तुकडा कापा, वजन करा. समजा ५६ ग्रॅम. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि कडेला टेकू देऊ नका, हाताने दोरा तोलून धरा. तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटका, नाहीतर आकडा चुकतो. काटा दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. ५० दाखवलं तर ५६ भागिले ५०, घनता १.१२. पन्नास भाग काजळी घातलेल्या चांगल्या नैसर्गिक रबराची घनता एवढीच यायला हवी. तेवढ्याच आकाराचा दुसरा तुकडा ७२ ग्रॅम भरला तर घनता १.४४. रबराची ०.९२ आणि काजळीची १.८, यातून हे वजन येत नाही. चॉक २.७ची असते, तीच बोलतेय. नायट्राइलला १.२च्या आसपास ठीक, १.४ला संशय घ्या. व्हिटॉन मुळातच १.८च्या वर असतं, तिथे हा नियम लावू नका.

यातली गंमत पैशांची आहे. आपण रबर किलोने विकत घेतो, पण मोल्ड भरतो आकारमानाने. ५०० घनसेंटिमीटरच्या डायमध्ये चांगलं कंपाउंड ५६० ग्रॅम बसतं, चॉकवालं ७२० ग्रॅम. समजा चांगलं २०० रुपये किलो आणि दुसरं १५० रुपये. एक पार्ट पडला ११२ रुपयांना, दुसरा १०८ला. चार रुपये वाचवायला आयुष्य अर्धं केलं. परचेसला किलोचा दर दिसतो, हे त्याला दिसत नाही.

पॉलियुरेथेनचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण कुणीतरी सुचवणारच. डिन आकडा ३० ते ६०, म्हणजे कागदावर सगळ्यांचा बाप. सरपटणाऱ्या झिजेला, स्क्रेपरला, खडीच्या चाळणीच्या पॅनेलला ते खरंच उत्तम. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॉलिएस्टर जातीचं युरेथेन गरम पाण्यात आणि अल्कलाइन कूलंटमध्ये वर्षभरात आतून कुजतं, चीजसारखे तुकडे पडतात. तिथे पॉलिइथर जातीचं मागा आणि ऑर्डरवर तसं लिहा. दुसरं, ते उष्णता सोडत नाही. जोरात फिरणाऱ्या, वजन घेणाऱ्या चाकात वरून सगळं ठीक दिसतं आणि आतून वितळतं. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे त्याच्यावर विसंबू नका.

बाकीची मंडळी भराभर. ईपीडीएम ऊन, वाफ आणि अ‍ॅसिडला चांगलं, तेलाला नाही, झिजेला मध्यम. निओप्रिन सगळ्यात थोडं थोडं. व्हिटॉन फक्त उष्णता आणि केमिकलसाठी. सिलिकॉन झिजेच्या जागी लावूच नका, नखाने फाटतं.

एक गोष्ट मात्र भराभर सोडून चालणार नाही. लायनिंग झिजून जाण्यापेक्षा सुटून जास्त वेळा जातं. धंद्याच्या सुरुवातीला, जुलै महिन्यात, एका क्रशरच्या प्लेट्स मी संध्याकाळी सँडब्लास्ट करून ठेवल्या आणि प्रायमर सकाळी मारला. रात्रभर त्र्यंबककडून आलेला पाऊस होता. डोळ्यांना प्लेट करडीच दिसत होती, पण पांढरा रुमाल फिरवला असता तर तांबूस आला असता. मी फिरवला नाही. पंधरा दिवसांत मालक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळं लायनिंग घालून दारात हजर. पट्ट्या नव्यासारख्या, खाली प्लेट स्वच्छ, गंजाची पुसटशी साय. पंचवीस मिलिमीटरपैकी एकही झिजला नव्हता. तेव्हापासून नियम आहे की ब्लास्ट केलेली प्लेट त्याच पाळीत प्रायमरखाली जायला हवी, पावसाळ्यात तर तासाभरात. तुमच्या केबिनचं रबर प्लेटला चिकटवलेलं असेल तर सुटलेल्या जागी लोखंड बघा. लोखंडावर रबराचे तुकडे राहिले असतील तर जोड चांगला आहे, रबर कमी पडलं. लोखंड चकचकीत उघडं असेल तर रबराचा दोष नाही, जोडाचा आहे.

तर करा असं. स्टेटर परत नायट्राइलचा घ्या, ७० शोअर, एन२२० किंवा ३३०वर, ऑर्डरवर घनतेची मर्यादा लिहा आणि त्याच बॅचची एक गोटी मागून ठेवा. केबिनला अर्ध्या भिंतीवर ४५चं, अर्ध्यावर जुनंच ६५चं लावा, कडेला ऑइल पेंटने तारीख लिहा आणि दर महिन्याला जाडी मोजा. त्याच केबिनमध्ये, त्याच शॉटखाली झालेली ही तुलना माझ्या सल्ल्यापेक्षा खरी. जुना स्टेटर, त्याचा रोटर आणि टवके उडालेलं रबर घेऊन या. रोटर पोत्यात गुंडाळून आणा, टेम्पोत उघडा टाकू नका. क्रोमवरचा ओरखडा पंपाने पाडलाय की टेम्पोने, ते मला नंतर सांगता येणार नाही.